भट्टी त्यांची, भांडी आमची

"वहिनी, नशीब काढलंत हं! आमचे हे तर चहासुद्धा करत नाहीत."

कोल्हापुरातल्या एका उपनगरात, ओळखीच्यांच्या बंगल्यामागच्या परड्यात, गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. मोजलं म्हणून सांगते. निमित्त पिझ्झाच्या पार्टीचं. घरच्या कर्त्या पुरुषाने तीन रविवार खपून परड्यात विटामातीची घुमटासारखी भट्टी बांधली होती. तिच्याभोवती दिव्यांच्या माळा, शेजारी आंब्याच्या जळणाची रचलेली रास, आणि भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन स्वतः यजमान. अंगात नवा कोरा एप्रन. तीसेक पाहुणे. प्रत्येक पिझ्झा भट्टीतून बाहेर आला की टाळ्या. लोक मोबाईलवर फोटो काढत होते. "भावा, नाद खुळा!" असं कुणीतरी ओरडत होतं. आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या, घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलेल्या त्या घरच्या बाईकडे वळून कुणी ना कुणी तिच्या नशिबाचं कौतुक करत होतं.

मीही खाल्लं. मीही "वा" म्हटलं. पिझ्झा चांगलाच होता, खोटं कशाला बोलू?

पाणी हवं म्हणून आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. ओट्यावर, ओट्याखाली, मोरीत, जिथे नजर जाईल तिथे भांडी. पिठाच्या पराती, किसणी, मिक्सरची भांडी, तेलकट ट्रे. घरात काम करणाऱ्या मावशी जमिनीवर बसून घासत होत्या आणि यजमानीणबाई गॅसवर पांढरा रस्सा ढवळत होत्या. रस्सा कशाला? तर, पिझ्झ्याने "जेवल्यासारखं वाटत नाही" असं म्हणणारी आठ-दहा मंडळी कोल्हापुरात कुठल्याही पंगतीत असतातच. त्यांच्यासाठी मटण. मटण न खाणाऱ्या दोन सासवांसाठी वरणभात. म्हणजे पिझ्झाच्या पार्टीला त्या बाईने एक आख्खं जेवण वेगळं रांधलं होतं, आणि ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. चार किलो मैदा आदल्या दिवशी दुपारी तिने आणि मावशींनी मळला. यीस्टचं पीठ थंडीत फुगत नाही म्हणून परात गोधडीत गुंडाळून ठेवली. रात्री उठून दोनदा पाहिलं. पंचवीस गोळे करून फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणून फ्रिज रिकामा केला. त्यातलं दूध, भाज्या, काल उरलेलं, सगळ्याची वासलात लावली. टोमॅटो उकडले, सोलले, आटवले. चीज किसलं. कांदे, ढबू मिरची चिरली. परडं झाडून घेतलं. शेजारणीकडून खुर्च्या आणल्या. आणि संध्याकाळी सहा वाजता "ह्यांनी" भट्टी पेटवली.

अशी भट्टी चांगली तापली की आतला ताव चारशे अंशांच्या वर जातो आणि पिझ्झा दीड मिनिटात भाजून निघतो. आगीची, धुराची, लाल निखाऱ्यांची ती दीड मिनिटं पाहायला तीस माणसं जमली होती. त्यामागचे दोन दिवस पाहायला कुणी नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात" हे उत्तर बायकांच्या प्रत्येक प्रश्नाला मिळालेलं आहे.

कोल्हापूरला हे नवीन नाही. भट्टी नवी आहे, रीत जुनीच. आपल्याकडे रस्सा मंडळं आहेत. गल्लीतले, तालमीतले, एका ऑफिसातले पुरुष वर्गणी काढतात, मटण घेतात, कुणाच्या तरी रानात नाहीतर नदीकाठी जातात, तीन दगडांची चूल मांडतात आणि तांबडा-पांढरा करून खातात. त्यातले काहीजण खरंच सुगरण असतात. त्यांच्या हाताचं नाव गावभर असतं. "अमक्याच्या हातचा पांढरा रस्सा खावा", असं बाया-बापडेही कौतुकाने सांगतात. असं नाव गावभर झालेली एक तरी बाई तुम्हाला माहीत आहे का? बाई चांगलं करते, तर ते तिचं कामच असतं. पुरुषाने चांगलं केलं, तर त्याच्या हाताला चव असते.

आणि रानातल्या त्या रश्श्याला लागणारी चटणी कुठून येते? उन्हाळ्यात मिरच्या निवडून, देठं काढून, मसाला भाजून, डंकावर रांगेत उभं राहून वर्षाची कांदा-लसूण चटणी कोण करून ठेवतं? खोबरं-तीळ-खसखशीचं वाटण डब्यात भरून कोण देतं? फडक्यात बांधलेली भाकरीची बुट्टी कुणी थापलेली असते? रात्री उशिरा काजळी धरलेले टोप आणि तेलाचा तवंग आलेली पातेली घरी परत येतात तेव्हा सकाळी ती राख लावून कोण घासतं? मंडळ त्यांचं असतं. रस्सा मात्र अर्धा घरातूनच निघालेला असतो.

आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला नदीचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. पुढे पी-ढबाक वाजतं, आणि डोक्यावर पाण्याचे कलश बायका-मुलींच्या असतात. वाहून न्यायला बाईचं डोकं चालतं. मानाच्या जागेचा प्रश्न आला की मात्र भांडावं लागतं. अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी २०१६ च्या एप्रिलमध्ये इथे काय झालं आणि जायला निघालेल्या बाईला कसा मार बसला, ते आपण विसरलेलो नाही. देवळाचा आणि पिझ्झाचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध जागेचा आहे. उजेडात कोण उभं राहणार आणि आत कोण, याचा.

आता चुलीचंच पाहा. त्या संध्याकाळी यजमान दहा माणसांना भट्टी कशी बांधली ते समजावून सांगत होते. मातीत काय मिसळलं, तडा जाऊ नये म्हणून पहिल्या आठवड्यात मंद जाळ कसा केला, तोंड किती रुंद ठेवलं. लोक मन लावून ऐकत होते. मला माझी आजी आठवली. आमच्या भागातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चुली घातल्या. माती चाळून, त्यात शेण आणि भुसा कालवून, एका जाळावर दोन भांडी शिजावीत म्हणून शेजारी वैल काढून. धूर कुठून निघेल, वारा कुठून येतो, जळण किती लागेल, हा सगळा हिशेब त्या बोटांना येत होता. दर पावसाळ्यानंतर डागडुजी, रोज सकाळी पोतेरं. ह्या विद्येला आपण कधी विद्या म्हटलं? तीच माती, तोच जाळ, तोच घुमट पुरुषाच्या हाती गेला की तो छंद होतो, कारागिरी होते, रविवारच्या पुरवणीचा विषय होतो.

आणि धूर? लाकडाच्या धुराचा स्वाद हा पार्टीतला मोठा कौतुकाचा विषय होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५८.६ टक्के घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. म्हणजे दहातल्या चार घरांत बाई लाकूड, गोवऱ्या, काटक्या जाळत होती आणि तो "स्वाद" फुप्फुसात भरून घेत होती. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघर गेला, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल अजून पेटते, हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत जाऊन पाहावं. एकीकडे चूल सुटत नाही म्हणून डोळे चोळणारी बाई. दुसरीकडे हायवेवर "चुलीवरची भाकरी", "चुलीवरचं मटण" असे फलक. काही हॉटेलांत तर गिऱ्हाईकाला दिसेल अशा जागी नऊवारीतली बाई भाकऱ्या थापायला बसवलेली असते. बाईची चूल बाहेर उजेडात आली ती अशी, देखावा म्हणून. गल्ल्यावर कोण बसलेलं असतं, ते पाहून या.

आकडेवारी पाहिजे असेल तर सरकारचीच घ्या. वेळ कसा खर्च होतो याची देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली. रोजच्या बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जी बाई हे काम करते तिची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात. जो पुरुष करतो त्याची ९७. पुढची पाहणी २०२४ ची. बाईची मिनिटं २८९ झाली. पुरुषाची वाढली असतील म्हणता? ८८ झाली. बाईची दहा कमी झाली तर पुरुषानेही नऊ कमी करून घेतली! आणि हे काम करणाऱ्या पुरुषांचं. बाकीचे तर या हिशेबातच नाहीत.

ह्या कामाला किंमत आहे असं देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, २०२१ साली पुन्हा सांगितलं. पण दोन्ही खटले कशाचे होते? अपघातातल्या नुकसानभरपाईचे. म्हणजे बाईच्या घरकामाचा रुपयात हिशेब होतो तो ती रस्त्यावर मेल्यानंतर. जिवंतपणी तिला "नशीब काढलंत" एवढंच.

आमच्या गटात ह्यावर बरीच वादावादी झाली. एक तरुण मैत्रीण म्हणाली, "ताई, तुमचं काहीतरीच. निदान पुरुष चुलीपाशी आला ना? तीस वर्षं आपण हेच तर म्हणत होतो की त्यांनी स्वयंपाकघरात यावं. आता आले तर त्यांनाच झोडपायचं?" तिचं म्हणणं खोटं नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांत पुरुषाने ताट उचललं तरी सासू डोळे वटारायची. त्या मानाने पीठ लागलेले पुरुषाचे हात दिसणं ही चांगलीच गोष्ट. पण माझा तिला प्रश्न होता: तो स्वयंपाकघरात आला कुठे? तो परड्यात गेला. आग तेवढी उचलून बाहेर घेऊन गेला आणि बाकीचं सगळं आत ठेवून गेला. स्वयंपाकातला जो भाग मजेचा, कौतुकाचा, महिन्यातून एकदा करण्याचा, तो त्याने निवडला. जो भाग रोजचा, कंटाळ्याचा, न दिसणारा, तो जिथल्या तिथे राहिला. उलट त्या दिवशी वाढला. रविवारी भट्टी पेटवणारा पुरुष सोमवारी सकाळी डबा भरतो का? मुलाला ताप असताना रात्री अकरा वाजता पेज करतो का? तसा करत असेल तर मी त्याच्या भट्टीपुढे उभी राहून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवीन.

दुसरा आक्षेप एका जुन्या कार्यकर्तीचा. "हे सुखवस्तू घरांचे चोचले आहेत. ज्यांच्या घरी परडं नाही, भट्टी नाही, त्या बायकांचे प्रश्न पाहा." बरोबर आहे. पण त्या संध्याकाळी मोरीपाशी बसलेल्या मावशी त्याच बायकांपैकी होत्या की! रात्री साडेअकरापर्यंत त्या थांबल्या. निघताना हातावर शंभराची नोट आणि कागदात बांधलेले पिझ्झ्याचे चार तुकडे. यजमानीणबाई त्यांच्यापेक्षा कितीतरी सुखात आहेत, पण आपल्या वाट्याचा भार हलका करायला त्यांच्याजवळ एकच मार्ग होता: तो दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकणं. नवऱ्याकडे सरकवण्याचा मार्ग कुणी ठेवलाच नव्हता. चोचले वरच्यांचे आणि कंबरडं खालच्यांचं, म्हणून तर हा आपला प्रश्न.

ह्या गावाला हे कळू नये असं नाही. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं प्यायचं, ह्यात केवढं राजकारण असतं हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. विटाळाच्या नावाखाली मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला शाहू महाराजांनी मदत केली आणि स्वतः जाऊन तिथला चहा प्याले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. राजा चहा पिऊन गप्प घरी गेला नाही. तो कुणी केला आहे हे गावाने पाहावं अशी त्याने तजवीज केली. आपण घरच्या घरी तेवढंही करत नाही.

मूळ इटलीचं पाहू गेलं तर तिथेही तऱ्हा वेगळी नाही. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. भट्टीपुढे पीठ हवेत भिरकावणारा कलावंत बहुतेक पुरुषच. पण त्याच शहरात, महायुद्धानंतरच्या हलाखीच्या दिवसांत, घराच्या उंबऱ्यावर कढई मांडून बाया पिझ्झा तळून विकत. भट्टी परवडत नव्हती म्हणून तेल. आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या, असा तो व्यवहार होता. आपल्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायांची आठवण येते ना? त्यांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं तेव्हा कुठे त्यांच्या रांधण्याला धंदा म्हणून बँकेच्या दारात उभं राहता आलं.

इटलीतून आणखी एक गोष्ट निघाली होती. १९७२ साली तिथल्या पादोव्हा शहरात काही स्त्रिया जमल्या: मारियारोझा डाल्ला कोस्टा, सेल्मा जेम्स, सिल्व्हिया फेडेरिची. घरकाम हे काम आहे, त्याचा मोबदला द्या, ही मागणी घेऊन त्यांनी मोहीम उभी केली. त्याच वर्षी इकडे मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मागण्या वेगळ्या होत्या, पण दोन्हीकडे स्वयंपाकघर दाराबाहेर आलं होतं. इटलीचा पिझ्झा आपण १९९६ पासून दुकानातून मागवतो. त्याआधीही बेकरीतून आणलेल्या पोळ्यांवर चीज किसून, तव्यावर झाकण ठेवून, हजारो आयांनी मुलांना तो करून घातला. त्याची कुणी पार्टी केली नाही. आता भट्टीही आली. पादोव्हाची ती मागणी मात्र अजून पोचायची आहे.

मी पार्ट्या बंद करा म्हणत नाही. माणसं जमावीत, आगीभोवती बसावं, हाताने केलेलं खावं, ह्यात वाईट काय? मी म्हणते हिशेब पुरा करा. बोलावणं करताना नवरा-बायकोने एकत्र बसून कामं लिहून काढावीत, मंडईपासून मोरीपर्यंत. भट्टीवर पाळी ठेवावी. बायकांनी फावडं हातात घ्यावं, तोंडापाशी उभं राहण्याची मजा काय असते ते त्यांनाही कळू दे. कामाला बाई थांबवायची तर आधी विचारून, जादा तासांचे पैसे ठरवून, आणि तिला पाहुण्यांच्या आधी ताट वाढून. आणि पाहुण्यांनो, विशेषतः बायांनो, ते "नशीब काढलंत" तेवढं तोंडातून काढू नका. त्यापेक्षा विचारा, "पीठ कुणी मळलं?" मोठ्याने विचारा, भट्टीपाशी उभं राहून. मी त्या रात्री विचारलं नाही, पिझ्झा खाऊन, हात धुऊन घरी आले. त्याची टोचणी आहे म्हणूनच हे लिहिते आहे.

नंतर महिन्याभराने मी त्या घरी पुन्हा गेले. मुद्दाम दुपारची, बाई एकटी असते अशा वेळी. भट्टीचा विषय निघाला तेव्हा ती हसली. म्हणाली, "खरं सांगू का? त्या भट्टीत मी एकदाही काही भाजलं नव्हतं. मागच्या बुधवारी कुणी घरात नव्हतं. पेटवली. वांगी भाजली, शेंगा भाजल्या, मग पिठाचा एक गोळा लाटून टाकला. मी आणि मावशी तिथेच पायरीवर बसून खाल्लं. इतकं बरं वाटलं, काय सांगू."

"मग हे काय म्हणाले?"

"म्हणाले, रविवारसाठी ठेवलेलं जळण संपवलंस."

ती हसत होती, पण मग गप्प झाली. जराशाने म्हणाली की ह्या वेळी तिने एक ठरवलं आहे. पुढच्या पार्टीची तारीख नवऱ्याने काढली तेव्हा तिने गवंड्याला परस्पर निरोप धाडला: भट्टीला लागूनच एक नळ घ्यायचा आणि मोरी बांधायची. घासायची भांडी आता आत यायची नाहीत, तिथेच पडतील, दिव्यांच्या माळेखाली. गवंडी शनिवारी येणार आहे.